मुलांसोबत घरी तंत्रज्ञानाचे प्रकल्प : कुठून सुरू करायचं आणि कुठे फसायला होतं

आमच्या घरी पहिला 'प्रकल्प' एका मोठ्या खोक्यातून आला. तीस-पस्तीस सेन्सर, रंगीत वायरींचा जुडगा, चाकं, मोटरी आणि मुंगीच्या अक्षरातलं एक पुस्तक. रविवारी सकाळी खोकं उघडलं. पहिला अर्धा तास थोरली माझ्या खांद्याला खेटून बसली होती. पुढचा अर्धा तास ती "आई, मी लावू?" म्हणत होती आणि मी "थांब, नाजूक आहे ते" म्हणत होते. दुपारी गाडी चालली. टाळ्या मीच वाजवल्या, कारण ती केव्हाच आत जाऊन चित्र रंगवत बसली होती. पुढचे आठ महिने ते खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलं.

मग दुसऱ्यांदा सुरुवात केली ती उलट्या टोकाने: आधी कागद, मग पडदा, आणि वायरी सगळ्यात शेवटी. तेव्हा थोरली नऊची होती, धाकटा सहाचा. मी अभियंता नाही, नवराही नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते धडपडून शिकलेलं आहे. तुमची धडपड थोडी कमी व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

काय काय लागेल

सगळं एकदम जमवू नका. ज्या टप्प्यावर पोचाल, त्या टप्प्याचंच सामान आणा.

- पहिला टप्पा: जाड कागद, स्केचपेन, कात्री, चिकटपट्टी, एक टॉर्च.
- दुसरा टप्पा: ब्राउझर नीट चालणारा कुठलाही लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. जुना असला तरी चालेल. टॅबलेटवर बरंच काही होतं, पण पुढे इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडायचा झाला की लॅपटॉप सोयीचा पडतो.
- तिसरा टप्पा: एक मायक्रोबिट (आपल्या सूचनांवर चालणारा छोटा बोर्ड), त्याला बसणारी यूएसबी केबल, दोन ट्रिपल-ए सेलचं होल्डर, टोकांना चिमटे असलेल्या (क्रोकोडाइल क्लिपच्या) चार-पाच वायरी.
- चौथा टप्पा: पाच-दहा एलईडी (छोटे दिवे), २२० किंवा ३३० ओमचे रेझिस्टर (विजेचा प्रवाह कमी करणारे तुकडे), एक ब्रेडबोर्ड (वायरी खुपसून जोडायची भोकांची पाटी).
- पहिल्या दिवसापासून: एक कोरी वही आणि घट्ट झाकणाचा एक डबा. डबा कशाला, ते सातव्या पायरीत कळेल.

१. पहिला महिना काही विकत घेऊ नका

पाच कागदी पत्ते कापा. एकावर १६ ठिपके काढा, मग ८, ४, २ आणि १. हे पत्ते डावीकडून उजवीकडे मांडा. पत्ता उघडा असेल तर त्यावरचे ठिपके मोजायचे, पालथा असेल तर सोडून द्यायचे. पाच हवे असतील तर ४ आणि १ उघडे ठेवा, बाकीचे पालथे. मुलांना हे समजावून सांगू नका, फक्त "अकरा करून दाखव" म्हणा. दोन-तीन आकडे झाले की प्रत्येक पत्ता शेजारच्याच्या दुप्पट आहे हे त्यांचं त्यांना दिसतं. पाच पत्त्यांत ० ते ३१ बसतात, म्हणजे महिन्यातली कुठलीही तारीख बसते.

मग दिवे घालवा आणि टॉर्च घ्या. पेटवली तर उघडा पत्ता, नाही पेटवली तर पालथा. एकाने वाढदिवसाची तारीख पाठवायची, दुसऱ्याने ओळखायची. आमच्याकडे कुठल्या टोकाने वाचायचं यावरून भांडण झालं. आधीच्या डावात धाकटा माझ्या समोर बसून, ठिपके न मोजता नुसतं उघडं-पालथं बघून माझे पत्ते वाचत होता. मी १९ मांडले होते, त्याने २५ वाचले आणि ते बरोबरच आहेत म्हणून हटून बसला. त्याच्या बाजूने खरंच २५ दिसत होते. ठिपके झाकून नुसते उघडे-पालथे पाहिले तर समोरून रांग उलटी दिसते. कुठल्या टोकाने वाचायचं हे आधी ठरवावं लागतं. संगणक बनवणाऱ्यांनाही हे ठरवावंच लागतं आणि त्यांच्यातही त्यावरून वाद झालेले आहेत, हे ऐकून त्याला फार बरं वाटलं.

संगणकाशिवाय संगणक शिकवणारे असे खेळ न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीएस अनप्लग्ड' या नावाखाली जमवले आहेत. ते मोफत मिळतात.

दुसरा खेळ यंत्रमानवाचा. घरातल्या एका मोठ्या माणसाने यंत्रमानव व्हायचं. खुर्चीपासून दारापर्यंत जाऊन दिव्याचं बटण दाबायचं. मुलांनी सगळ्या सूचना आधी चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, मध्येच ओरडून दुरुस्ती चालणार नाही. यंत्रमानवाने अक्षरशः तेवढंच करायचं. "पुढे जा" लिहिलं आणि किती पावलं ते लिहिलं नाही, तर भिंतीला टेकेपर्यंत चालत राहायचं. आमच्या घरी बाबा टेबलावर आपटले तेव्हा पोरं लोळून हसली, आणि मग कुणी न सांगता चिठ्ठी दुरुस्त करायला बसली. कोडमधली चूक शोधणं म्हणजे हेच. पुढे पडद्यावर काही चुकलं की "चिठ्ठीत काय लिहिलंय बघ" एवढं म्हटलं तरी पुरतं.

२. प्रश्न घरातूनच उचला

फ्रिजवर एक कागद लावा आणि आठवडाभर त्यावर कुरकुरी लिहू द्या. आमच्या कागदावर होतं: "माझ्या खणात कोण हात घालतं?", "झाडाला पाणी घालायचं कोण विसरलं?", "दात घासायची दोन मिनिटं म्हणजे नक्की किती?" तयार किटमधले प्रकल्प दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नांची उत्तरं असतात. स्वतःच्या कुरकुरीवर मूल किती वेळ बसतं, ते पाहून तुम्हीच चकित व्हाल.

कागदावरून एक गोष्ट निवडताना मी दोनच गोष्टी पाहते. काम झालं हे कसं ओळखायचं, ते मुलाला एका वाक्यात सांगता येतंय का? आणि पहिल्याच बैठकीत त्याचं काहीतरी ओबडधोबड रूप चालेल का? "चेहरा ओळखून दार उघडणारा यंत्रमानव" या चाळणीतून गळतो. पण त्याला नाही म्हणू नका. "त्यातलं सगळ्यात छोटं काम कुठलं?" असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "कुणीतरी आलं हे कळणं." तिथून सुरुवात करा.

३. वय बघा, पण त्याआधी वाचन बघा

साधनांवर वयं छापलेली असतात. ती ढोबळ आहेत. खरा प्रश्न असतो की मूल पडद्यावरची ओळ स्वतः वाचू शकतं का.

वाचता येत नसेल तर स्क्रॅच ज्युनियर: यात सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरची पात्रं हलवायची. २०१४ साली आलेलं हे मोफत अॅप ५ ते ७ वयासाठी आहे, आणि त्यातल्या ठोकळ्यांवर अक्षरांऐवजी चित्रं आहेत. वाचता येत असेल तर स्क्रॅच, म्हणजे तेच पण शब्दांच्या ठोकळ्यांचं, साधारण आठव्या वर्षापासून पुढे. टायपिंगचा कंटाळा येत नसेल आणि स्क्रॅच पुरेसं वापरून झालं असेल, तर पायथन, म्हणजे सूचना टाइप करून लिहायची भाषा. पायथनमध्ये 'टर्टल' नावाचं चित्र काढणारं कासव आधीपासूनच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर पडद्याची घाई अजिबात करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्यासाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ नको, आणि कमी असेल तर उत्तमच. त्यांच्यासाठी पहिली पायरी वर्षभर पुरते.

४. पडद्यावरचा पहिला प्रकल्प

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलं आणि २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची मुळं त्याहून जुनी आहेत. १९६७ साली सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. सूचना देऊन कासवाला चालवायचं, ही तिची गाजलेली कल्पना. पायथनमधलं कासव त्याच घराण्यातलं.

खातं न उघडताही स्क्रॅच वापरता येतं. सुरुवातीला तसंच वापरा आणि केलेलं काम लॅपटॉपवर साठवा. फाइलच्या नावात तारीख घाला, नाहीतर महिन्याभरात 'मांजर', 'मांजर नवीन' आणि 'मांजर खरं' यांतलं खरं कोणतं ते कुणालाच सांगता येत नाही. इंटरनेट सतत जात असेल तर स्क्रॅचचं ऑफलाइन अॅपही आहे. पुढे खातं उघडाल तेव्हा ईमेल तुमचा द्या, आणि वापरकर्ता-नावात मुलाचं खरं नाव, आडनाव, शाळा, जन्मसाल यातलं काहीही येऊ देऊ नका. 'शेअर'चं बटण दाबलं की प्रकल्प जगाला दिसतो. ते कधी दाबायचं हे घरात आधीच ठरवून ठेवा.

पहिल्या दिवशी एवढंच करा: हिरवा झेंडा दाबला की मांजर सतत चालत राहील आणि कडेला आपटलं की परत फिरेल. तीन-चार ठोकळ्यांचं काम. इथे हमखास एक गंमत होते. मांजर कडेला आपटून वळतं आणि उलटं होऊन डोक्यावर चालायला लागतं. मुलाला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. पात्राला फिरण्याची पूर्ण मोकळीक असते म्हणून ते गोल वळतं. फिरण्याची पद्धत बदलून फक्त डावी-उजवी केली की मांजर पायांवर येतं. पण लगेच सांगू नका. दहा मिनिटं डोक्यावर चालू दे.

दुसऱ्या आठवड्यात पेनचे ठोकळे जोडा आणि चौकोन काढायला सांगा. चार वेळा पुढे जा, ९० अंश वळ. जमतो. मग त्रिकोण. इथे जवळजवळ प्रत्येक मूल ६० अंश लिहितं, कारण शाळेत समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश शिकवलेला असतो. पडद्यावर येतो अर्धा षटकोन. थोरलीने तीनदा पुसून तीनदा तेच काढलं आणि "संगणक चुकतोय" असं जाहीर केलं. मी फरशीवर चिकटपट्टीचा त्रिकोण आखला आणि तिला म्हटलं, चालून बघ. कोपऱ्यावर पोचल्यावर तिला कळलं की आपण जवळजवळ मागे वळतोय. वळायचे असतात १२० अंश, कारण मांजर आतला कोन बघत नाही, त्याला स्वतःची दिशा किती बदलायची एवढंच कळतं. पूर्ण फेरीत ३६० अंश होतात, म्हणून ३६० भागिले ३. त्या संध्याकाळी ३६० भागिले ५ करून पंचकोन तिने एकटीने काढला, आणि १४४ अंशांनी चांदणी होते हे मला तिच्याकडून कळलं.

तयार व्हिडिओ बघून ठोकळे जोडण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याला बंदी नको, पण एक अट ठेवा: व्हिडिओ संपल्यावर त्यात तीन गोष्टी बदलायच्या. कुठल्या, ते मुलाने ठरवायचं.

५. तुमचे हात मांडीवर

ही पायरी मला सगळ्यात अवघड गेली. माऊस मुलाच्याच हातात राहील. "जरा इकडे दे, मी दाखवते" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पडद्याला बोट लावून दाखवायचं नाही, विचारायचं: "तुला काय व्हायला हवं होतं? मग काय झालं?" दोन्हींची उत्तरं मोठ्याने देता देता निम्म्या चुका मुलांनाच सापडतात. मी सुरुवातीला खरंच हातांखाली उशी धरून बसायचे.

दोन मुलं असतील तर एकाच लॅपटॉपवर दहा-दहा मिनिटांनी अदलाबदल करा आणि घड्याळ लावा. धाकट्याला नुसतं "बघत बस" म्हणाल, तर चौदाव्या मिनिटाला केबल उपटलेली असेल.

६. पहिला बोर्ड: खणाचा पहारेकरी

आता पैसे खर्च करायला हरकत नाही. मी मायक्रोबिट निवडला. २०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीने हा बोर्ड अकरा-बारा वर्षांच्या शाळकरी मुलांना मोफत वाटला होता. एवढ्याशा पाटीवर २५ छोटे दिवे, दोन बटणं, हालचाल, तापमान आणि चुंबकत्व ओळखणारे सेन्सर, म्हणजे पहिले अनेक प्रकल्प एकही वायर न जोडता होतात. २०२० पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आहे. कुणाकडून जुना घेत असाल तर पुढचा लोगो बघा. तो सोनेरी असेल तर दुसरी आवृत्ती. पहिलीत आवाज काढायला बाहेरून काहीतरी जोडावं लागतं.

विकत घेण्याआधी मेककोड या संकेतस्थळावर तो वापरून बघता येतो. तिथे पडद्यावरच खोटा मायक्रोबिट असतो आणि तुमचा कोड त्यावर चालतो. त्यावर दोन आठवडे मन रमलं, तरच खरा आणा.

आमचा पहिला प्रकल्प फ्रिजवरच्या कागदातून आला: खणात कोण हात घालतं? क्रम असा होता:

क) मेककोडमध्ये नवीन प्रकल्प उघडला. उजेडाची पातळी ० ते २५५ या आकड्यांत सांगणारा ठोकळा घेतला.

ख) आधी नुसतं मोजलं. ए बटण दाबलं की आकडा दिसेल, एवढाच कोड. बंद खणात जवळपास शून्य, उघड्या खणात शंभरच्या आसपास. तुमच्याकडे वेगळे आकडे येतील, म्हणून स्वतः मोजा. मायक्रोबिट आपल्या दिव्यांनीच उजेड ओळखतो, तेव्हा दिव्यांची बाजू वर राहू द्या.

ग) मधला आकडा थोरलीने ४० ठरवला. त्याच्या वर उजेड गेला की भोंगा.

घ) फाइल डाउनलोड करून बोर्डच्या ड्राइव्हवर ओढली (बोर्ड जोडला की तो लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखा दिसतो). फाइल जाताना मागचा बारीक दिवा लुकलुकतो. नंतर ड्राइव्ह उघडलं तर फाइल तिथे दिसत नाही. घाबरू नका, ती आत गेलेली असते.

ङ) सेल जोडले, खणात ठेवला, खण बंद.

पहिल्याच दिवशी धाकटा पकडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आधी खोलीचा दिवा घालवला, अंधारात खण उघडला आणि हवं ते घेऊन गेला. भोंगा गप्प. थोरली भडकली, मी मात्र मनातून खूश होते, कारण सेन्सर नक्की काय मोजतो हे त्या सहा वर्षांच्या मुलाने कोड न वाचता ओळखलं होतं. तिने मग 'हलवलं की वाज' असा ठोकळा जोडला. खण हळूच ओढला तर तोही वाजेना. शेवटी खणाच्या चौकटीला एक लोहचुंबक चिकटवलं. खण बंद असताना चुंबकीय बलाचा आकडा मोठा, उघडला की घसरतो. त्यावर अजून तरी धाकट्याला उपाय सापडलेला नाही. साध्या भोंग्याचं काम तीन आठवडे चाललं. त्या मोठ्या खोक्यातल्या गाडीला तीन तास लागले होते.

आता सापळे. पहिला केबलचा, यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. बोर्डवरचा दिवा लागत होता, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नव्हता. लॅपटॉप बंद-चालू केला, दुसरा लॅपटॉप आणला, बोर्डच खराब आहे म्हणून परत पाठवायची तयारी केली. मुलं जेवून झोपलीसुद्धा. रात्री केवळ वैतागून दुसरी केबल लावली आणि ड्राइव्ह दिसलं. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतातच. बाहेरून दोन्ही सारख्याच. त्या केबलने फोन लॅपटॉपला जोडून बघा: परवानगी दिल्यावर फोनमधल्या फाइली दिसल्या तर केबल कामाची. तिच्यावर रंगीत पट्टी गुंडाळा आणि डब्यात ठेवा.

दुसरा पॉवरबँकचा. मायक्रोबिट इतकी कमी वीज खातो की बऱ्याच पॉवरबँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. दोन ट्रिपल-ए सेल बरे.

७. वायरी, दिवे आणि सेल

इथे आधी नियम, मग मजा. भिंतीतल्या विजेला काहीही जोडायचं नाही, कुणीही, कधीही. यूएसबीचे ५ व्होल्ट किंवा सेल, यापुढे घरी जाऊ नका. फुगलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही, आणि फोनच्या बॅटरीत 'आत काय असतं' हे बघायचं नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते बटण सेलपासून. नाण्यासारखा चपटा, २० मिलिमीटरचा ३ व्होल्टचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, उद्यापर्यंत थांबू नका, थेट रुग्णालयात न्या. छोटी ताकदवान चुंबकंही तशीच, दोन गिळली तर आतडी मध्ये चिमटतात. म्हणून तो घट्ट झाकणाचा डबा. काम संपलं की सेल आणि चुंबकं मोजून आत, आणि डबा वरच्या फळीवर. लहान भावंड रांगतं असेल तर बटण सेल घरात आणूच नका, ट्रिपल-ए वापरा.

आता एलईडी. त्याचा लांब पाय अधिकचा, आखूड पाय उण्याचा. उलटा लावला तर लागत नाही एवढंच. पण ५ व्होल्टला रेझिस्टरशिवाय लावला तर क्षणभर झगमगतो आणि कायमचा विझतो. एक एलईडी मुद्दाम असा बळी द्या. मुलं तो प्रसंग विसरत नाहीत. फक्त हे चार्जरच्या यूएसबीवर करा, लॅपटॉपवर किंवा बोर्डच्या पिनवर नको, आणि चेहरा लांब ठेवा. मग हिशेब मांडा: लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ३. तीन भागिले २२० ओम म्हणजे जवळजवळ १४ मिलिअँपिअर. एलईडी खूश. ३३० ओम लावला तर ९ मिलिअँपिअर, थोडा मंद पण छान. भागाकार कशासाठी शिकायचा, हा प्रश्न आमच्याकडे त्या दिवसानंतर आला नाही. (नंतर अपूर्णांकांबद्दल आला.) २२० ओमवर लाल-लाल-तपकिरी पट्टे असतात, ३३० वर नारिंगी-नारिंगी-तपकिरी.

ब्रेडबोर्डवर आडव्या ओळीतली पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि मधल्या खाचेपलीकडची वेगळी. लांब ब्रेडबोर्डांत कडेच्या उभ्या पट्ट्या कधी कधी मध्यावर तुटलेल्या असतात. वरचा दिवा लागतो आणि खालचा लागत नाही असं झालं, तर आधी तिथे बघा. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी कायमच्या जोडणं, पुढच्या वर्षावर ढकला. त्याच्या तापवायच्या दांडीचं टोक ३०० अंशांच्या पुढे तापतं.

८. जुना फोन फेकू नका

पडून असलेल्या फोनवर स्टॉप मोशन चित्रपट करा. आधी सगळी खाती काढून फोन कोरा करा, सिम काढा, बॅटरी फुगली नाही ना बघा. फोन पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवा, खेळणं थोडं सरकवा, फोटो काढा, पुन्हा सरकवा. सेकंदाला १२ चित्रं धरली तर दहा सेकंदांना १२० फोटो. हा गुणाकार आधी करून दाखवा, म्हणजे पहिली गोष्ट दोन तासांची ठरत नाही. खिडकीजवळ करू नका, ढग आला की चित्रपट लुकलुकतो. कॅमेऱ्याचा फोकस आणि उजेड कुलूपबंद करता येत असेल तर करा.

९. अडलं तर

आमचा क्रम ठरलेला आहे. वीज येते का? केबल कुठली आहे? वायर खरंच त्याच भोकात आहे का? शेवटी चाललं तेव्हापासून आपण काय बदललं? चौथ्या प्रश्नासाठी वही लागते. दर बैठकीनंतर दोन ओळी पुरतात: आज काय चाललं, उद्या काय बघायचं. धाकटा फक्त चित्र काढतो, तेही चालतं.

वीस मिनिटं अडलेलंच राहिलं तर उठा. खरंच उठा, लॅपटॉप मिटा. रडू फुटल्यावर कोड सुधारत नाही. चॅटबॉटला विचारायचं झालं तर तुम्ही सोबत बसून विचारा. त्याने दिलेल्या कोडमधली प्रत्येक ओळ काय करते हे मुलाला सांगता आलं नाही, तर तो वापरायचा नाही, असा आमचा नियम आहे. थोरलीला तो जाचक वाटतो.

आर्डुइनो की रास्पबेरी पाय (हे दोन आणखी बोर्ड), असं मला बरेच जण विचारतात. मायक्रोबिटवर तीन-चार गोष्टी पूर्ण होईपर्यंत दोन्ही नको. नंतर मोटरी आणि सेन्सर खेळवायचे असतील तर आर्डुइनो, आणि स्वतंत्र छोटा संगणकच हवा असेल तर रास्पबेरी पाय. रास्पबेरी पायच्या पिना (वायरी जोडायची टोकं) ३.३ व्होल्टच्या असतात. 'उनो' या आर्डुइनो बोर्डसाठीचं ५ व्होल्टचं काहीतरी सरळ त्यात खुपसलं तर बोर्ड जायची भीती असते.

१०. मोडायचं कसं

बोर्ड एक आणि कल्पना दहा, म्हणजे आधीचा प्रकल्प मोडावाच लागतो. यावरून घरात रडारड होते, म्हणून आमची पद्धत सांगते. आधी चालू प्रकल्पाचा छोटा व्हिडिओ, त्यात मुलाने स्वतः सांगायचं हे काय आहे. मग वायरींचे दोन फोटो, एक वरून, एक बाजूने. कोडची फाइल तारखेसह साठवायची. मग सगळ्यात आधी सेल काढायचे, बाकीचं नंतर. सेल आत विसरलात तर दोन-चार महिन्यांनी ते पाझरतात आणि होल्डरची पत्री हिरवी पडते. आमचं पहिलं होल्डर तसंच गेलं, मोठ्या खोक्यातलं. ते कपाटावरून खाली काढलं तेव्हा आतल्या वायरी, चाकं आणि दोन मोटरी मात्र शाबूत होत्या. सध्या त्यातली एक मोटर धाकट्याने मागून घेतली आहे. कशासाठी, ते तो सांगत नाही, पण फ्रिजवरच्या कागदावर त्याने खणाचं चित्र काढलंय.